निरोप, पंप आणि हातगाडी: महायुद्धांत स्काऊटांनी घरची आघाडी कशी सांभाळली

प्रश्न असा आहे: शाळेच्या स्काऊट पथकाला ‘युद्धकाळातले स्काऊट’ या विषयावर प्रदर्शन आणि प्रात्यक्षिक करायचं आहे. देशात राहून त्या मुलांनी नेमकं काय केलं, कसं केलं, आणि त्यातलं आज काय करून दाखवता येईल?

उत्तर मुख्यतः ब्रिटनच्या अनुभवावर देतो आणि गरज पडेल तिथे अमेरिकेचा दाखला घेतो. आपल्याकडचं संघ (पथकातली सात-आठ मुलांची तुकडी), संघनायक, गाठी, संकेत, प्रथमोपचार हे सगळं शिक्षण ज्या साच्यातून आलं, त्याच साच्याची दोन्ही महायुद्धांत कसोटी लागली. त्यामुळे तिथली कामं आपल्या मुलांना चटकन समजतात.

फलक रंगवण्याआधी एक गोष्ट पक्की करा. ‘मुलं लढली’ असं कुठेही लिहू नका. ऑगस्ट १९१४ मध्ये युद्ध पेटल्याबरोबर स्काऊट चळवळीचे संस्थापक बेडन-पॉवेल यांनी स्काऊट सरकारच्या मदतीला देऊ केले ते लढाईबाहेरच्या कामांसाठी. स्काऊटांचा गणवेश हा लष्करी नव्हे, तर सार्वजनिक सेवा करणाऱ्या संस्थेचा गणवेश आहे, असं सरकारनेही मान्य केलं. ही रेघ स्पष्ट होती म्हणूनच पोलीस, टपाल कचेऱ्या, इस्पितळं आणि नगरपालिका मुलांना निर्धास्तपणे कामं सांगू शकल्या. त्या कामांचं खरं रूप मोठ्या माणसाचे दोन हात मोकळे करणं एवढंच होतं. एक मुलगा निरोप घेऊन धावला, की एक प्रौढ माणूस ढिगाऱ्याखालच्यांना बाहेर काढायला मोकळा. प्रदर्शनातलं प्रत्येक काम या एका कसोटीवर तपासा: यामुळे कोण मोकळं झालं?

पहिल्या महायुद्धात ही कसोटी सर्वांत चांगली लागू होते किनाऱ्याच्या पहाऱ्याला. ब्रिटनच्या तटरक्षक ठाण्यांवरची बरीचशी माणसं नौदलाच्या राखीव दलातली होती. युद्ध सुरू होताच त्यांना जहाजांवर बोलावणं आलं आणि ठाणी रिकामी पडली. त्या जागी सी-स्काऊट, म्हणजे समुद्रावरच्या कामांचं शिक्षण घेणारे स्काऊट, आणि इतर स्काऊट बसवले गेले. युद्धभरात अशा मुलांची संख्या वीस हजारांच्या पुढे गेली. एकेका ठाण्यावर एक संघ, त्यावर संघनायक, आणि बहुतेक ठिकाणी वर एखादा वयस्क तटरक्षक. नजर ठेवायची ती जाणाऱ्या-येणाऱ्या बोटींवर, पाण्यावर तरंगणाऱ्या सुरुंगांवर, रात्री किनाऱ्यावरून कुणी दिव्याने खुणा करतंय का यावर, आणि कड्याकडेने गेलेल्या तारायंत्राच्या तारांवर. दिवसा झेंड्यांचे सेमाफोर संकेत, रात्री दिव्याने मोर्स.

मुलांना हे करून पाहायचं असेल तर नोंदवहीपासून सुरुवात करा. प्रत्येक नोंदीत आधी वेळ, मग दिशा, मग काय दिसलं, आणि शेवटी कुणाला कळवलं. नवशिका मुलगा उलटं करतो: आधी वर्णन लिहीत बसतो आणि वेळ नंतर अंदाजाने टाकतो. मग दोन ठाण्यांच्या नोंदी एकमेकींशी जुळत नाहीत, आणि बोट कोणत्या दिशेला गेली हे कुणालाच सांगता येत नाही. पहारा जोडीने ठेवा. काही दिसलं की एकाने कळवायला जायचं आणि दुसऱ्याने डोळा हलवायचा नाही. एकट्याच्या पहाऱ्यात कळवायला जाणं आणि नजर ठेवणं यांपैकी एकच काम होतं. आणि दोन तासांपेक्षा जास्त वेळ कुणालाही सलग बसवू नका. समुद्राकडे टक लावून पाहणारा डोळा थकला की नसलेल्या गोष्टी दिसू लागतात आणि असलेल्या निसटतात.

याच युद्धात लंडनवर विमानांतून आणि झेपेलिन नावाच्या फुगीर हवाई जहाजांतून बॉम्ब पडले. १९१७ च्या हल्ल्यांत धोका टळल्याची वर्दी देण्यासाठी बिगुल घेतलेले स्काऊट मोटारींतून आणि सायकलींवरून रस्तोरस्ती फिरत. सूर दोनच होते. लांबून, बंद खिडकीआडून, झोपेत असलेल्या माणसालाही ओळखू यावा, यासाठी तो साधाच असायला हवा होता. बिगुल वाजवणारा मुलगा तुमच्या पथकात असेल तर लांब धून बसवू नका. दोन सुरांचीच वर्दी द्या.

गाईड मुलींसाठी स्वतंत्र फलक ठेवा. ब्रिटनच्या गुप्तचर खात्याने, म्हणजे आजच्या एमआय-५ ने, सुरुवातीला कचेरीतली कागदपत्रं पोचवायला स्काऊट ठेवले होते. मुलगे रिकाम्या वेळात दंगा करतात आणि फार बोलतात, असं आढळल्यावर १९१५ मध्ये त्यांच्या जागी गाईड मुली आल्या आणि युद्ध संपेपर्यंत टिकल्या. स्काऊटांवरच्या प्रदर्शनांत ही माहिती बहुतेकदा गाळली जाते, ते चुकीचं आहे.

सेवा मोजण्याची पद्धतही लक्षात घ्या. पहिल्या महायुद्धात सेवेचा बिल्ला मिळवायला २८ दिवस, दिवसाला किमान ३ तास, आणि विनामोबदला काम करावं लागे. दिवस आणि तास दोन्ही मोजल्यामुळे एका रविवारी दहा तास राबून बिल्ला मिळवण्याची पळवाट बंद झाली. युद्धकाळातल्या कामाला उत्साहापेक्षा रोजची हजेरी लागते. तुमच्या प्रकल्पातही हजेरीपत्रक ठेवा.

आता एक फसलेलं काम. माझ्या मते प्रदर्शनात ते असायलाच हवं. १९१७ मध्ये ब्रिटिश सरकारने शाळकरी मुलांना आणि स्काऊटांना हॉर्स चेस्टनट झाडाची, खायला निरुपयोगी असलेली फळं गोळा करायला सांगितली. कशासाठी ते सांगितलं नाही. कारण गुपित होतं: तोफगोळे उडवायची कॉर्डाईट नावाची दारू तयार करायला ॲसिटोन हे रसायन लागे, आणि रसायनशास्त्रज्ञ खाईम वाइझमन यांच्या पद्धतीने पिठूळ पदार्थ जिवाणूंकडून आंबवून ते मिळत असे. मका वापरला तर अन्न कमी पडे, म्हणून ही फळं. मुलांनी ढीगच्या ढीग लावले. पण रेल्वेचे डबे मिळेनात, आणि कित्येक ठिकाणी फळं स्टेशनांवरच कुजली. इंग्लंडमधल्या किंग्ज लिन गावच्या ॲसिटोनच्या कारखान्यापर्यंत सुमारे ३,००० टन पोचली, आणि तिथेही उतारा चांगला पडेना. गोळा करण्याची हाक देण्याआधी माल कुठे ठेवायचा, कोण नेणार आणि किती दिवसांत नेणार हे ठरलेलं नव्हतं. रद्दी असो वा पूरग्रस्तांसाठी कपडे, आजही मोहिमा याच ठिकाणी अडकतात.

दुसऱ्या महायुद्धाची तयारी युद्धाच्या वर्षभर आधी सुरू झाली. सप्टेंबर १९३८ च्या म्युनिक पेचात, म्हणजे जर्मनीशी युद्ध पेटतं की काय अशी वेळ आली तेव्हा, ब्रिटनमध्ये विषारी वायूपासून बचावासाठी सुमारे ३ कोटी ८० लाख वायुमुखवटे वाटले गेले. ते जोडायला आणि वाटायला मोठ्या माणसांबरोबर स्काऊट होते. मुखवट्याचे भाग तीन: रबरी तोंडझाकण, खालचा गाळणीचा डबा, आणि दोन्ही घट्ट बसवणारा रुंद रबरी पट्टा. तपासणी सोपी होती. मुखवटा चढवायचा, डब्याच्या तळाला पुठ्ठा किंवा तळहात दाबून धरायचा आणि श्वास आत घ्यायचा. मुखवटा गालांना चिकटला तर ठीक. कुठूनही हवा शिरली तर पट्टे पुन्हा आवळायचे. दाढी, चष्म्याच्या काड्या आणि कपाळावर आलेले केस ही गळतीची नेहमीची कारणं. प्रदर्शनासाठी मात्र जुने खरे मुखवटे मुलांच्या तोंडाला अजिबात लावू देऊ नका. त्या काळच्या गाळण्यांत ॲस्बेस्टॉस असे. पुठ्ठ्याची प्रतिकृती करा.

सप्टेंबर १९३९ च्या पहिल्या दिवसांत शहरांतून सुमारे १५ लाख लोक, त्यांतली निम्म्याहून जास्त शाळकरी मुलं, खेड्यांकडे हलवली गेली. स्टेशनांवर सामान उचलणं, लहानग्यांना हात धरून गाडीपर्यंत नेणं, पाणी देणं, आणि पोचायच्या गावी घरोघर सोडणं ही स्काऊटांची कामं होती. प्रत्येक मुलाच्या कोटाला नावाची चिठ्ठी बांधलेली असे. पथकाने हे करून पाहायचं तर चिठ्ठी सुतळीने बांधा, टाचणीने टोचू नका. धावपळीत टाचणी निघते आणि चार वर्षांचं मूल आपलं आडनाव सांगू शकत नाही.

बॉम्बपासून बचावासाठी घरामागच्या अंगणात पुरायचे अँडरसन निवारे उभारायलाही स्काऊट म्हाताऱ्या आणि एकट्या माणसांना मदत करत. नालीदार पोलादी पत्र्यांचा हा निवारा साडेसहा फूट लांब आणि साडेचार फूट रुंद, जमिनीत ४ फूट खोल, आणि वर किमान १५ इंच मातीचा थर. लोक माती कमी टाकत आणि तिथेच फसत. नुसता पत्रा तुकडे अडवत नाही, माती अडवते. दुसरी अडचण पाण्याची. चिकणमातीच्या अंगणात खड्डा पहिल्या पावसातच भरे. तळाशी एका कोपऱ्यात छोटा खळगा करून पाणी तिथे जमू द्यायचं आणि रोज उपसायचं, हाच त्यावरचा इलाज. वाळूच्या पोत्यांचंही असंच आहे. पोतं तोंडापर्यंत भरलं तर गोल राहतं आणि घसरतं. साधारण तीन चतुर्थांश भरा, तोंड दुमडून खाली घ्या, रचताना विटांसारखे सांधे चुकवा आणि प्रत्येक थर फावड्याने थापून सपाट करा.

आता मुख्य काम, निरोप पोचवण्याचं. यावर प्रदर्शनाची निम्मी जागा द्या.

हवाई हल्ल्यात बॉम्ब पडला की त्या भागाचा वॉर्डन, म्हणजे वस्तीवर लक्ष ठेवणारा नागरी संरक्षणाचा माणूस, नियंत्रण केंद्राला कळवे, आणि केंद्र बचाव पथक, रुग्णवाहिका, आगीचा बंब यांपैकी काय पाठवायचं ते ठरवे. टेलिफोन चालू असेल तर काम सोपं. पण रस्त्यात बॉम्ब पडला की जमिनीखालच्या तारा सर्वांत आधी तुटत, म्हणजे गरज सर्वांत जास्त तेव्हाच टेलिफोन बंद. मग सायकलवरचा निरोप्या. नागरी संरक्षणाच्या निरोप्यांचं ठरलेलं वय १६ च्या पुढचं. प्रत्यक्षात त्याहून लहान मुलंही वय वाढवून सांगत आणि काम करत. ब्रिस्टलचा स्काऊट डेरिक बेलफॉल १४ वर्षांचा होता. डिसेंबर १९४० च्या हल्ल्यात निरोप पोचवून परतताना तो जखमी झाला आणि मरण पावला. त्याचं नाव फलकावर जरूर लिहा, पण त्याचं वयही लिहा, आणि ते वय नियमात बसत नव्हतं हेही लिहा. पथक चालवणाऱ्या प्रत्येक प्रौढाने हा भाग नीट वाचावा असं मला मनापासून वाटतं.

निरोप तोंडी नसे. वॉर्डनकडे छापील नमुन्याची वही असे आणि त्यातल्या ओळींचा क्रम ठरलेला असे: कळवणाऱ्या ठाण्याचं नाव; घटना घडली ती जागा; बॉम्ब कोणत्या प्रकारचा, म्हणजे स्फोटक, आग लावणारा की विषारी वायूचा; जखमी आणि मृत अंदाजे किती, आणि ढिगाऱ्याखाली कुणी अडकलंय का; आग असेल तर ‘आग’ हा शब्द; पाणी, गॅस, वीज आणि गटार यांच्या मुख्य वाहिन्यांचं नुकसान; बंद झालेल्या रस्त्यांची नावं; न फुटलेल्या बॉम्बची जागा; घटनेची अंदाजे वेळ; कोणती मदत आधीच पोचली आहे वा येते आहे; आणि शेवटी शेरा.

हा क्रम मुलांना पाठ करायला लावू नका, तो असा का आहे हे विचारा. जागा सुरुवातीलाच, कारण निरोप अर्धवट पोचला, कागद फाटला, पोऱ्या धापा टाकत दोनच शब्द बोलू शकला, तरी गाडी निघू शकते. जखमींचा आकडा अंदाजे चालतो, कारण अचूक मोजायला थांबलात तर रुग्णवाहिकेला उशीर. बंद रस्त्यांची नावं हवीत, कारण येणारी गाडी त्याच रस्त्यात अडकली तर ती दोन्हीकडून गेली. आणि ‘आधीच पोचलेली मदत’ ही ओळ नसेल तर केंद्र त्याच ठिकाणी दुसरी गाडी पाठवतं आणि पुढच्या गल्लीतली माणसं वाट पाहत राहतात.

निरोप्याच्या डोक्यावर पोलादी शिरस्त्राण, त्यावर इंग्रजी ‘एम’ अक्षर, खांद्याला वायुमुखवटा, सायकलचा दिवा झाकलेला. १ सप्टेंबर १९३९ पासून रस्त्यावरचे दिवे बंद होते. हातातल्या विजेरीलाही पातळ कागद लावून उजेड मंद करावा लागे. काचांच्या खचाने टायर पंक्चर होई, म्हणून अनेकदा सायकल खांद्यावर घेऊन पळावं लागे, किंवा टाकून पायीच. म्हणूनच रस्त्यांचा अभ्यास दिवसा करायचा. वस्तीतून केंद्रापर्यंत निदान तीन वाटा: एक हमरस्त्याची, एक गल्ल्यांची, एक मैदानं-मळे-कुंपणांतून जाणारी. प्रत्येक वाट आधी उजेडात चालायची, मग अंधारात. तुमच्या पथकाने हे केलं तर एक गोष्ट पहिल्याच दिवशी दिसेल. दिवसा सात मिनिटांची वाट अंधारात पंधरा मिनिटं घेते, आणि घड्याळावर नजर नसेल तर मुलाला ती सातच मिनिटं वाटते.

नेहमीच्या चुका ठरलेल्या असतात. मुलगा कागद पोचवतो पण पोच घेत नाही, मग निरोप पोचला की वाटेत राहिला हे मागे कुणालाच कळत नाही. वाटेत लोक विचारतात, “काय झालं?” आणि तो सांगू लागतो; दोन मिनिटं जातात आणि अफवा निघते ती वेगळीच. उत्तर घेऊन परत यायचं की तिथेच थांबायचं हे निघण्याआधी विचारलेलं नसतं. आणि सगळ्यांत अवघड मोह म्हणजे वाटेत दिसलेल्या दुसऱ्या आगीकडे धावण्याचा. निरोप्याचा नियम कठोर होता: आधी हातातला निरोप, मग बाकी सगळं. कारण त्या कागदावर वीस माणसं अवलंबून असू शकतात आणि ते मुलाला माहीतही नसतं.

निरोप्यांना सायकलवर बसवण्याची कल्पना स्काऊटिंगपेक्षाही जुनी आहे. दक्षिण आफ्रिकेतल्या बोअर युद्धात ब्रिटिशांच्या ताब्यातल्या माफेकिंग गावाला पडलेल्या वेढ्यात, १८९९-१९०० मध्ये, तिथल्या कॅडेट मुलांनी गावातली पत्रं सायकलवरून पोचवली. वेढ्यात छापलेल्या टपाल तिकिटावर सायकलवरचा कॅडेट वॉर्नर गुडइयर आहे. या चित्राची मोठी छापील प्रत प्रदर्शनात शोभेल.

निरोप्यांच्या कामाचीच एक शाखा म्हणजे बंबांना वाट दाखवणं. मोठ्या हल्ल्याच्या रात्री दुसऱ्या गावांतून बंब येत. १९४० मध्ये आक्रमणाच्या भीतीने रस्त्यांवरच्या दिशादर्शक पाट्या काढून टाकल्या होत्या. बाहेरच्या चालकाला रस्ता कळेना, पाण्याचे नळखांब कुठे आहेत ते कळेना, आणि ऑगस्ट १९४१ मध्ये राष्ट्रीय अग्निशमन सेवा होईपर्यंत गावोगावच्या बंबांच्या नळ्यांची जोडणीही एकसारखी नव्हती. अशा वेळी पुढच्या सीटवर बसलेला गावातला स्काऊट फार मोलाचा. आपल्या वस्तीतल्या नळखांबांचा, विहिरींचा आणि पाण्याच्या टाक्यांचा नकाशा करणं हे आजही उपयोगी काम आहे. प्रदर्शनानंतर ती प्रत जवळच्या अग्निशमन केंद्राला द्या.

आगीच्या बॉम्बचं प्रात्यक्षिक मुलांना सर्वांत आवडतं. जर्मनांचा नेहमीचा बॉम्ब १ किलोचा. आत थर्माइट, म्हणजे प्रचंड उष्णतेने जळणारी धातूची भुकटी, बाहेर मॅग्नेशियमच्या मिश्रधातूचं कवच. थर्माइट पेटलं की कवचच जळू लागे आणि सुमारे दहा मिनिटं जळत राही. एकेका विमानातून असे शेकडो पडत, त्यामुळे बंब प्रत्येकाकडे पोचणं अशक्यच. म्हणून घरोघर स्टिरप पंप: बादलीत उभा करायचा, पाय टेकायला बाहेर एक पट्टी, आणि ३० फूट नळी. चालवायला तिघं. एक नळीचं तोंड धरून पुढे, दुसरा पंपावर, तिसरा पाणी आणणारा. जोरदार धारेला मिनिटाला साधारण दीड गॅलन, म्हणजे पावणेसात लिटर पाणी लागे. दोन बादल्या तीन मिनिटांत संपतात. तिघांपैकी सर्वांत आधी कमी पडतो तो पाणी आणणारा, म्हणून तिथे तुमचा सर्वांत दणकट मुलगा ठेवा. हौसेने सगळे नळी धरायला धावतात.

नळीच्या तोंडाला दोन प्रकार: धार आणि फवारा. धार आजूबाजूला लागलेल्या आगीवर, फवारा खुद्द बॉम्बवर. जळत्या मॅग्नेशियमवर जोरदार धार मारली तर वितळलेला धातू चहूकडे उडतो. फवाऱ्याने तो लवकर जळून संपतो. पाणी नसेल तर अर्धं भरलेलं वाळूचं पोतं तोंडासमोर ढालीसारखं धरून पुढे जायचं, बॉम्बवर टाकायचं आणि मागे फिरायचं. खोलीत शिरताना पोटावर सरपटत, कारण जमिनीलगत धूर आणि उष्णता कमी असते. पुढे काही बॉम्बांत स्फोटक भरलेलं निघू लागलं, तेव्हा सुरुवातीची काही मिनिटं आडोशामागे थांबण्याची सूचना आली. प्रात्यक्षिकात पेटतं काहीही वापरू नका. लाल कापडाचा गोळा ठेवा, हातपंप आणि बादल्या खऱ्या घ्या, आणि वेळ मोजा.

आता गोळा करण्याची कामं. कागद, हाडं, चिंध्या, धातू, स्वयंपाकघरातलं उरलंसुरलं. कागदापासून तोफगोळ्यांची वेष्टणं आणि बांधणीचे पुठ्ठे होत, हाडांपासून सरस, ग्लिसरीन आणि खत, उरल्यासुरल्या अन्नावर डुकरं पोसली जात. १९४२ मध्ये ब्रिटनमध्ये कागद जाळणं किंवा फेकून देणं हाच गुन्हा ठरला. पेट्रोलवर सप्टेंबर १९३९ पासून शिधापत्रक होतं, त्यामुळे स्काऊटांची दोन चाकी लाकडी ट्रेक-कार्ट, जी एरवी छावणीचं सामान न्यायला असे, ती रस्त्यावर आली. पुढे दांडा धरायला दोघं, दोरांना चौघं, मागे उताराला आवरायला दोघं. बरोबर एक संघ. भरताना वजन आसाच्या किंचित पुढे ठेवा. मागे गेलं तर दांडा वर उचलला जातो आणि धरणारी मुलं लोंबकळतात. फार पुढे आलं तर मुलं वजन ओढण्याऐवजी उचलत राहतात.

कागदाचं नुकसान तीन गोष्टींनी होतं. ओल, तेलकटपणा आणि भेसळ. ओली रद्दी वजनाला भरते पण ढिगात तापते आणि बुरशी धरते. मेणाचा किंवा कार्बन कागद गठ्ठ्यात गेला तर लगद्यात डाग पडतात. वर्तमानपत्रं, पुठ्ठे आणि वह्या दारातच वेगळ्या करा. गोदामात आणून निवडायला चौपट वेळ लागतो. गठ्ठा दोन्ही बाजूंनी सुतळी घेऊन रीफ नॉटने बांधा आणि एका मुलाला उचलता येईल एवढाच ठेवा.

अमेरिकेचा दाखला इथे दोन्ही बाजूंनी उपयोगी पडतो. १९४२ च्या सुरुवातीला तिथल्या बॉय स्काऊटांनी एवढा कागद जमवला की गिरण्यांना तो पेलेना आणि मोहीम थांबवावी लागली. पुढे टंचाई आली तेव्हा, १९४५ मध्ये, अमेरिकेचे सेनापती आयझेनहॉवर यांच्या नावाची मोहीम निघाली आणि १,००० पौंड, म्हणजे सुमारे साडेचारशे किलो, कागद जमवणाऱ्या प्रत्येक मुलाला पदक मिळालं. पहिल्या महायुद्धात याच संघटनेच्या मुलांनी बंदुकीच्या दस्त्यांसाठी लागणारी काळ्या अक्रोडाची झाडं हुडकून त्यांची नोंद केली, ती सुमारे २ कोटी बोर्ड-फूट (फूटभर लांब-रुंद आणि इंचभर जाड फळीचं माप) लाकडाची. पीचच्या कोयाही गोळा केल्या. त्यांच्या कोळशाने मुखवट्यांतला वायू शोषला जाई.

वनस्पती गोळा करण्याची दोन उदाहरणं मुलांना शिकवण्यासारखी आहेत. ब्रिटनमध्ये संत्री येणं बंद झाल्यावर १९४१ पासून रानगुलाबाची फळं गोळा करून त्यांचं सरबत लहान मुलांना ‘क’ जीवनसत्त्वासाठी दिलं गेलं. फळं लाल झाल्यावर, पण मऊ पडण्याआधी तोडायची. पोत्यात दाबून, उबेत ठेवली तर जीवनसत्त्व नासतं. आतल्या बारीक केसांनी घशाला खाज येते, म्हणून रस दुहेरी कापडातून गाळायचा. दुसरं उदाहरण उत्तर अमेरिकेतलं. जावा बेट जपानच्या हाती गेलं आणि तरंगत्या जाकिटांत भरायच्या कपोक नावाच्या कापसाचा पुरवठा तुटला. मग १९४४ मध्ये मुलांनी मिल्कवीड नावाच्या रानरोपाच्या शेंगा वेचल्या. शेंगांतला कापूस पाणी धरत नाही. दोन पोती शेंगांत एक जाकीट होई. आतलं बी तपकिरी झाल्यावरच शेंग तोडायची, आणि कांद्याच्या जाळीदार पोत्यांत भरून कुंपणावर टांगून वाळवायची. बंद पोत्यांत बुरशी येते. आपल्याकडच्या रुईच्या बोंडातला कापूस मुलांना दाखवा. दोन्ही एकाच कुळातल्या वनस्पती आहेत, त्यामुळे कल्पना लगेच येते.

प्रकल्पांत एक सरमिसळ वारंवार होते. ऑगस्ट १९४४ मध्ये पोलंडच्या राजधानीत जर्मनांविरुद्ध झालेल्या वॉर्सा उठावात पोलिश स्काऊटांनी टपाल चालवलं, पत्राला २५ शब्दांची मर्यादा ठेवली, आणि गटारांतूनही पत्रं नेली. ते काम अफाट आहे, पण ती मुलं लढाईच्या ऐन मध्यात होती. ते घरच्या आघाडीच्या फलकावर लावू नका, स्वतंत्र दाखवा.

आणि इथला धागा हवा असेल तर मुंबईतल्या आजी-आजोबांना १९६५ आणि १९७१ च्या अंधारबंदीबद्दल विचारा. खिडक्यांना काळा कागद, मोटारींच्या दिव्यांना अर्धा काळा रंग, भोंगा झाला की दिवे बंद. मुलांनी प्रश्न लिहून न्यावेत: कागद कशाने चिकटवला, भोंगा कुठून ऐकू यायचा, घरातले कोण कुठे बसायचे. “तेव्हा कसं वाटलं?” असं विचारलं की उत्तर दोन वाक्यांत संपतं; वस्तूंबद्दल विचारलं की माणसं तासभर बोलतात.

प्रात्यक्षिकासाठी तीन संघ पुरेत. पहिल्या संघाचा वॉर्डन वरच्या क्रमाने निरोप लिहील, दुसऱ्याचे दोन निरोपे वेगवेगळ्या वाटांनी तो मैदानापलीकडे नेतील, तिसरा संघ नकाशावर टाचणी लावून मदत पाठवेल आणि पोच परत येईल. पहिल्या फेरीत एक वाट मुद्दाम दोर बांधून बंद करा, ते मुलांना आधी सांगू नका. दुसऱ्या फेरीत नमुन्याचा कागद न देता तोंडी निरोप पाठवा. दोन्ही फेऱ्यांची वेळ आणि पोचलेल्या मजकुरातल्या चुका एकाच फळ्यावर शेजारी शेजारी लिहा.